पोचा कुठल्या बाजूला होता

रेवदंडा
६ जानेवारी १९३२

सकाळभर सुपारी सोलली. सासूबाईंनी पुन्हा तोच विषय काढला. भटजींना विचारलं म्हणाल्या. समुद्रात गेलेल्याचा देह मिळाला नाही तर बारा वर्षं वाट बघतात. पण मचवा बुडाला हे गावाला ठाऊक आहे, तर आधीही विधी करता येतो. पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात.

मी म्हटलं, इतक्यात नको.

"इतक्यात म्हणजे कधी? वर्ष उलटलं गो. माझा मुलगा पाण्यावाचून भटकतोय."

हे सुपारी घेऊन मुंबईला निघाले होते. तीस सालच्या दिवाळीनंतर अचानक वादळ आलं. मचव्यावर चौघे. मचवा चालवणारा तांडेल आणि एक खलाशी किहीमच्या किनाऱ्याला लागले, म्हणजे त्यांचे देह. दुसरा खलाशी आणि हे, दोघांचा पत्ता नाही. मला एवढंच माहीत आहे आणि सगळ्यांनाही एवढंच.

१५ जानेवारी

काल संक्रांत. शेजारच्या काकूंकडे हळदीकुंकवाला बोलावणं होतं की नव्हतं ते नक्की कळलं नाही. त्यांची सून दारात येऊन म्हणाली, "वाटलं तर या." गेले. काकू करंडा घेऊन माझ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. मग पुढे गेल्या. सगळ्यांचं झाल्यावर परत आल्या आणि मला लावलं. त्यांचाही दोष नाही. मी आरशात बघते तेव्हा माझीही तीच गत होते.

२२ जानेवारी

आज काय झालं ते नीट लिहायचं आहे.

देवी काढायला माणूस आला होता. सगळे त्याला देवीडॉक्टर म्हणतात. नाव पराडकर. शाळेच्या ओटीवर बायका मुलं घेऊन बसल्या होत्या. जाऊबाईंना बरं नव्हतं म्हणून त्यांच्या तान्ह्याला घेऊन मी गेले. बाळाच्या दंडावर लस टोचून झाली, बाळ रडलं. पराडकरांनी हात धुतले आणि खुंटीची बाटली काढून घटाघट पाणी प्यायले.

ह्यांची बाटली.

पलटणीची, इनॅमलची, चपटी, मध्ये जरा आत वळलेली. लढाईच्या वेळी हे बसऱ्याला कोठारावर कारकून होते, तिथून आणलेली. तेव्हापासून रोज बरोबर. मचव्यावरच्या पिंपातल्या पाण्याला वास येतो म्हणून कधी ते पाणी प्यायले नाहीत. जाताना घरच्या विहिरीचं पाणी, त्यात वाळ्याची काडी, आणि बूच अंगठ्यानं दाबायचं. भरून मी द्यायची.

ह्या बाटलीचं आवरण काळ्या कोटाच्या कापडाचं होतं. ह्यांच्या बाटलीला जाड लोकरीचा खाकी बुरणूस होता. पण आवरणाबाहेर, खांद्यापाशी पट्ट्याच्या कडीखाली पोचा होता. तो मी ओळखला.

मी म्हटलं, "बाटली जरा दाखवता?"

त्यांना चमत्कारिक वाटलं असणार. दिली. मी उलटीसुलटी केली आणि परत दिली नाही. बायका गोळा झाल्या. मी सांगितलं तेव्हा ते अवघडले. म्हणाले, "बाई, लढाईनंतर असल्या बाटल्यांचे मुंबईच्या जुन्या बाजारात ढीग होते. माझ्या ओळखीत चारजणांकडे आहेत."

"तुम्हाला कुठे मिळाली?"

"थळला. हिराबाई म्हणून कोळीण आहे. तिला माझी छत्री हवी होती, मला ही. आवरण मी घातलं. आधीचं फाटून गेलं होतं."

चार दिवस चौलला आहेत. तोवर ठेवा म्हणाले.

२३ जानेवारी

बाटली ओटीवर मधोमध ठेवली आणि आम्ही भोवती बसलो. सा.बाई, नानाभावजी, जाऊबाई, मी. नाना म्हणजे माझे थोरले दीर, वाडी तेच बघतात. आवरण उसवून काढलं.

सा.बाई म्हणाल्या, पोचा ह्या बाजूला नव्हता, डाव्या बाजूला होता. मी म्हटलं उजव्या. नाना म्हणाले, पोचा नव्हताच, तळाला टवका उडाला होता. बघितलं तर तळाला टवका आहे. पण तसे टवके तीन ठिकाणी आहेत.

"रहाटाच्या दगडावर पडली होती, त्या वर्षी," सा.बाई म्हणाल्या.

"ते माझं घंगाळ पडलं होतं," जाऊबाई म्हणाल्या.

डावी म्हणजे कुणाची डावी? खांद्याला अडकवल्यावरची की हातात धरल्यावरची? ह्यावर दुपार गेली.

इतकी वर्षं रोज भरली मी. रोज ह्याच हातानं. आणि पोचा कुठल्या बाजूला होता ते सांगता येत नाही. काल शाळेत इतकी खात्री होती. आज डोळे मिटून ह्यांची बाटली आठवायला गेले की हीच दिसते, काल बघितलेली. आधीची पुसली गेली.

सा.बाईंनी शेवटी बूच काढून तोंडाला नाक लावलं. वाळ्याचा वास येतो का बघत होत्या. पराडकरांच्या औषधांचा येत होता.

२७ जानेवारी

पराडकर आले. बाटली मागायला आले होते, पण घरात आल्यावर मागितली नाही. चहा घेतला. म्हणाले, "राहू द्या तुमच्याकडे. मी दुसरी बघेन." रिकाम्या हातानं कसं पाठवायचं म्हणून सा.बाईंनी फिरकीचा तांब्या दिला. त्याची फिरकी जरा सैल आहे, गळतो. सांगायचं राहून गेलं.

जाताना म्हणाले, बाटली चिवट आहे, काही होत नाही हिला. फक्त बूच दर पावसाळ्याला कुजतं.

हेही हेच म्हणत. पण हे कुणीही म्हणेल.

५ फेब्रुवारी

थळला जाऊन आलो. नाना बरोबर. अलिबागपर्यंत मोटर, पुढे बैलगाडी.

हिराबाई वाळूत मासळी वाळत घालत होती. धिप्पाड बाई, बोलायला मोकळी. बाटली बघताच ओळखली. "देवीडॉक्टरला दिलेली हीच."

"तुला कुठे मिळाली?"

"दर्यान. मोठं वादल झालं ना, त्याच्या मागून. शेवाल्याबरोबर तरंगत आली. बूच गच्च बसलेला. काढला त आत पानी. चाखला मी. गोडं पानी."

मी विचारलं, वास होता का? वाळ्याचा?

"आता तुम्ही इचारलं म्हनून व्हता असं वाटतंय."

तेवढ्यात तिचा नवरा जाळं खांद्यावर घेऊन आला. हाशा नाव. बाटली हातात घेतली आणि म्हणाला, "ही दर्यातली न्हाय. दर्यातली वेगली. ही मना भाऊच्या धक्क्यावं एका मान्सानं दिली."

कधी?

"शिमग्याच्या आदी. गेल्या साली."

म्हणजे वादळानंतर. नाना माझ्याकडे बघत होते, मी हाशाकडे.

"कसला माणूस?"

"बसला व्हता दोरखंडावं. भुका व्हता. मी भाकर-मासली दिली त तो म्हनला, ही घे. मी म्हनलो, तुला नको का? तो म्हनला, आता मना लागत न्हाय."

हिराबाई चिडली. "काय सांगतंय हा. तू आनलीस ती काचेची व्हती, ती फुटली. ही मी काढलेली."

"तुझी काचेची. ही माझी."

दोघं आमच्यासमोर भांडत राहिले. खोटं बोलायचं दोघांनाही काही कारण नाही. मी विचारलं, तो माणूस कसा होता, उंच, ठेंगणा? हाशा म्हणाला, बसलेला व्हता. दाढी? व्हती. हे दाढी ठेवत नसत. पण वादळानंतर कुणाची वाढणार नाही?

हिराबाईनं माझ्या कपाळाकडे बघितलं आणि मग मऊ आवाजात म्हणाली, "बय, तुला कुठलं पायजे तेच खरं मान."

परतताना गाडीत नाना म्हणाले, त्याला दारूचा वास येत होता. मला नाही आला.

६ फेब्रुवारी

हिराबाईचं खरं तर हे गेले. हाशाचं खरं तर आहेत. पण आहेत तर धक्क्यावरून घर किती लांब? बोट सकाळी सुटते ती दुपारी इथे येते. माणूस भुकेला बसून राहतो, ओळख नसलेल्याला बाटली देतो आणि घरी येत नाही. का?

पहिल्यात मी विधवा. दुसऱ्यात टाकलेली.

कुठलं खरं व्हावं असं मला वाटतं, तेच मला कळेना. हे लिहायलाही भीती वाटली.

आमच्यात भांडण नव्हतं. निघतानाचं शेवटचं बोलणं बुचाबद्दल होतं. "परतताना नवं बूच आणतो." एवढंच. त्यात शोधायचं तरी काय.

१९ फेब्रुवारी

सा.बाईंना हाशाचं सांगितलं नव्हतं. नानांनी सांगितलं. त्या जेवल्या. मग म्हणाल्या, "माझा मुलगा भुकेला बसून कुणाला भाकरी मागणार नाही." जरा वेळानं म्हणाल्या, "मागितली असेल तर बरंच झालं."

२ मार्च

दुपारी कुणी नव्हतं. शिंपण्याच्या हौदात बाटली सोडून बघितली. काठोकाठ भरली आणि बूच लावलं. बुडाली. तळाला जाऊन आडवी पडली. हात घालून काढली. थोडं पाणी ओतून पुन्हा सोडली, बुडाली. निम्मी केली तेव्हा तरंगली. खांदा आणि बूच वर, बाकी पाण्यात.

मी तर काठोकाठ भरून दिली होती.

हिराबाईला तरंगत मिळाली असेल, आणि आत पाणी असेल, तर हे त्यातलं निम्मं प्यायले होते. प्यायले आणि बूच गच्च लावलं. बुडत असलेला माणूस बूच लावत बसेल का? की वादळाच्या आधीच प्यायले, ऊन होतं म्हणून?

सा.बाई मागे उभ्या होत्या. कधी आल्या कळलं नाही. पदर ओला झाला होता माझा, रागावतील वाटलं. त्यांनी विचारलं, "किती राहिलं होतं आत?" मी बाटली हलवून दाखवली. त्यांनी माझ्या हातातून घेतली, स्वतः हलवून बघितली. आवाज ऐकत राहिल्या.

२४ मार्च

होळी झाली. नाना मुंबईला यायला तयार नाहीत. सुपारीचे व्यवहार आता दुसऱ्यांच्या हातून होतात, धक्क्यावर कुणाला विचारायचं, आणि विचारून काय मिळणार. मी म्हटलं, मी एकटी जाते. तेव्हा तयार झाले.

९ एप्रिल, मुंबई

जाऊबाईंच्या भावाकडे गिरगावात उतरलो आहोत. सकाळपासून धक्क्यावर. पाय सुजले.

आधी सुपारीच्या व्यापाऱ्याकडे गेलो, ज्याच्याकडे हे माल घालत. तिथला कारकून, मेहताजी, भला माणूस. "ना बेन, तोफान पछी आव्या नथी." मग मराठीत म्हणाला, "वादळानंतर नाही आला. आला असता तर मी धरून घरी पाठवला असता."

धक्क्यावर मचवे, पडाव, हमाल, माशांच्या पाट्या. कुणाला थांबवून विचारायचं? नाना पुढे, मी मागे बाटली पदराखाली धरून. लोक बघत. दोनतीन जणांनी हात हलवले. दुपारी एक म्हातारा तांडेल भेटला, रत्नागिरीकडचा. सावलीत डबा उघडून बसला होता. त्याला म्हटलं, मागच्या वर्षी शिमग्याआधी इथे एक माणूस बसलेला असायचा का, दाढीवाला, फार बोलत नसे.

"असायचा एक. कानाने कमी ऐकायचा. कुणी म्हणे कराचीच्या बोटीवर गेला."

हे कमी ऐकत नसत. पण वादळात कान गेले असतील का? माणसाचे जातात असं ऐकलं आहे.

"नाव?"

"विचारलं नाही बाय."

मी बाटली काढली. ही त्याच्याकडे होती का? त्यानं बघितली. मग मान वळवून आपल्या बोचक्यातून स्वतःची बाटली काढली आणि माझ्या बाटलीशेजारी ठेवली. तशीच. चपटी, आत वळलेली. आणि पट्ट्याच्या कडीखाली पोचा. त्याच जागी.

नाना म्हणाले, "हे काय?"

"सगळ्यांच्याला पडतो तिथे. खांद्याला असते, मचव्यात चढताना बाकाला आपटते. रोज आपटते. दोन वर्षांत पोचा येतो." आणि त्यानं दुसऱ्या एका खलाशाला हाक मारली. त्याच्या बाटलीलाही तिथेच.

नाना खाली बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. मी पहिल्यांदाच बघितलं. हे त्यांचे धाकटे भाऊ, हे ह्या सगळ्यात मी विसरून गेले होते.

तांडेलानं दोघांना पाणी दिलं, त्याच्याच बाटलीतून. नानांनी कुणाच्या हातचं हे न विचारता प्यायलं. मीही.

११ एप्रिल

परत आलो. सा.बाई दारात. "काय झालं?" नाना म्हणाले, "काही कळलं नाही." मी म्हटलं, "एक माणूस होता म्हणतात." दोन्ही खरं होतं.

कराचीचं बोलले नाही. बोलायला हवं होतं का?

२० मे

उकाडा. बाटली आता सा.बाई वापरतात. कधीपासून ते लक्षात आलं नाही. दुपारी वाडीत जाताना भरून नेतात. त्यांनी उसवलेल्या कोटाच्या कापडाऐवजी जुन्या घोंगडीचा तुकडा शिवला. टाके मोठे मोठे. माझ्याकडे शिवायला दिला नाही.

आज मीच भरली. बूच अंगठ्यानं दाबलं तेव्हा अंगठा आपोआप एका खोलगट जागी बसला. बाटलीच्या मानेला बारीक खळगा आहे. मग वाटलं, अंगठा तिथेच येणार, दुसरीकडे कुठे येईल.

१२ जुलै

पाऊस थांबत नाही. बूच कुजलं. औषधाच्या बाटलीचं जुनं बूच तासून बसवलं. घोंगडी वाळत नाही, चुलीवर टांगली. आत गंज दिसतो आहे, इनॅमल सुटलेल्या जागी. सा.बाईंना म्हटलं, ह्यातलं पाणी आता पिऊ नका. त्या म्हणाल्या, लोखंड आहे, विष नाही.

हाशाचा निरोप आला एका कोळ्याबरोबर. त्याला आठवलं म्हणे, त्या माणसाच्या डाव्या हाताला एक बोट कमी होतं. ह्यांची बोटं पूर्ण होती. जाताना तरी होती.

जाऊबाई म्हणाल्या, म्हणजे ते नव्हेत, मिटलं एकदाचं. मीही मान हलवली. मग दिवसभर वादळात दोरखंडात अडकणाऱ्या बोटांचा विचार करत बसले. मिटत कसं नाही ते मला कळत नाही. मला मिटायला नको आहे का?

१ सप्टेंबर

गणपती येणार. घर सारवलं.

सा.बाई दुपारी जवळ बसल्या. किती दिवसांनी. म्हणाल्या, "पितृपंधरवड्यात नानानं त्याच्या नावानं पाणी सोडावं असं वाटतं. पानांचा माणूस नको. अग्नी नको. तू कुंकू पुसू नको, मी कुणाला काही म्हणू देणार नाही. फक्त पाणी."

मी म्हटलं, "जिवंत माणसाच्या नावानं सोडलं तर?"

"भटजींना विचारलं मी."

"काय म्हणाले?"

"काहीच म्हणाले नाहीत. त्यांनाही माहीत नसावं."

आम्ही दोघी वाती वळत होतो.

"तहान माणसाला जिवंतपणीही लागतेच ना गो," त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. त्यांनी त्याचा काय अर्थ घेतला कोण जाणे.

१७ सप्टेंबर

नानांनी विचारलं, "काय ठरलं?" थोरले असून हल्ली मला विचारतात. मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? ते म्हणाले, धक्क्यावरून आल्यापासून मला काही वाटेनासं झालंय.

२९ सप्टेंबर

आज सर्वपित्री. सकाळी ऊन पडलं. बाहेर विहिरीजवळ पाट मांडला. नाना सोवळं नेसून बसले, भटजी समोर. तीळ, दर्भ, तांब्याच्या ताम्हनात पाणी. सा.बाई तुळशीपाशी उभ्या. मी दारात.

वडिलांचं नाव झालं. आजोबांचं, पणजोबांचं. मग आईकडच्यांची. चुलता, आत्या. भटजी थांबले आणि म्हणाले, "आणखी कुणी?"

नानांनी ओंजळीत पाणी घेतलेलं होतं. त्यांनी सा.बाईंकडे बघितलं. सा.बाईंनी माझ्याकडे. मला वाटलं मी आता बोलेन. काय बोलायचं तेही जवळजवळ ठरलं होतं. पण मी मान हलवली की नुसती खाली घातली तेही मला सांगता येणार नाही.

नाना तसेच बसले. नाव घेतलं नाही. ओंजळ खाली केली नाही. पाणी बोटांच्या फटींतून गळत होतं, ताम्हनात पडत होतं, आणि शेवटी हात रिकामे झाले. सोडलं की सांडलं, कोण सांगणार. भटजींनी डोळे मिटून पुढचं म्हटलं.

"झालं का रे?" सा.बाईंनी विचारलं.

"झालं," नाना म्हणाले.

काय झालं ते कुणी विचारलं नाही. सा.बाई डोळे टिपून मला म्हणाल्या, "जा, पानं मांड." आत गेले. केळीची पानं धुऊन ठेवली होती. घरातली मांडून झाली, भटजींचं झालं, आणि हातात एक पान उरलं. ते घेऊन मी परत बाहेर आले आणि सा.बाईंना विचारलं, "किती मांडू?"